पुठ्ठ्याचा कीबोर्ड

माझा हात कडक आहे. हे मी मिरवत नाही आणि लपवतही नाही. पनवेलच्या आजूबाजूच्या सरकारी शाळांत सव्वीस वर्षं काढली. बदली होऊन जाईन तिथे माझ्या आधी माझ्या फूटपट्टीची बातमी पोचलेली असायची. पालक खूश असत. "बाई मारतात, पण शिकवतात," म्हणायचे. यातलं पहिलं तरी नक्की खरं होतं.

ज्या शाळेतली ही आठवण आहे ती तळोज्याच्या बाजूला, नव्या टॉवरांच्या मागे आहे. टॉवरांतली मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. आमच्याकडे येतात ती त्या टॉवरांत भांडी घासणाऱ्या बायकांची, वॉचमनची, न्हावा शेव्याच्या ट्रेलरवर क्लीनर असलेल्या बापांची मुलं, आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची. वाडीवरची म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःची वीतभर जमीन नाही अशी आदिवासी घरं. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर, दिवाळी झाली की वीटभट्टीवर. दिवाळीनंतर हजेरीपटावर त्यांच्या नावांपुढे लाल शाईने गैरहजर, गैरहजर लिहीत जायचं, ते थेट जूनपर्यंत. मला त्याचं फार काही वाटत नसे. वर्गात तेवढीच हवा खेळायची.

आमच्याकडे संगणक हा विषय सक्तीचा झाला तो एका रविवारी दुपारी, व्हॉट्सअ‍ॅपवर. मी कोलंबी सोलत बसले होते. मुख्याध्यापकांचा मेसेज आला: पाचवीपासून पुढे आठवड्याला तीन तास, वेगळी वही, प्रत्येक मुलाच्या प्रात्यक्षिकाची नोंद. खाली लिहिलं होतं की जबाबदारी माझ्याकडे. मी तशाच ओल्या हाताने फोन लावला.

"सर, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"असं कसं मॅडम? तुमच्याकडे दाखला आहे ना."

दाखला होता. वेतनवाढीसाठी आम्हा सगळ्यांनाच संगणकाचा दाखला काढावा लागला होता. मी तो स्टँडजवळच्या एका क्लासातून काढला. परीक्षेच्या दिवशी क्लासवाला माझ्या शेजारी स्टुलावर बसला, माऊस त्याच्या हातात आणि पर्स माझ्या मांडीवर. तो म्हणायचा, "मॅडम, हेच ना उत्तर?" मी म्हणायची, "हो, तेच." मी चांगल्या मार्कांनी पास झाले आणि घरी जाताना पेढे घेतले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी दरवर्षी मुलांकडून पाच वेळा लिहून घेते.

संगणक मात्र शाळेत होते. आठ. तळोज्यातल्या एका कारखान्याने ऑफिसात नवे घेतले आणि जुने आम्हाला दिले. चालत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारी शाळेत चालणारी वस्तू वापरायची नसते. वापरली की ती बिघडते, आणि बिघडली की उत्तर द्यावं लागतं. म्हणून मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या स्कूटरच्या किल्लीला अडकवली. संगणकांना फुलाफुलांच्या कापडाचे अभ्रे शिवून आणले. खोलीबाहेर चपला काढायच्या. खंडेनवमीला पूजा व्हायची. झेंडूची माळ, आणि प्रत्येक पडद्यावर हळदकुंकवाचं बोट. मुलं दारातून ओळीने बघून जायची, कुणी हातही जोडायचं. हसायचं काही नाही, मीही जोडले आहेत.

साहेबांची भेट असली की खोली उघडायची. त्यासाठी आठ मुलं ठरलेली होती. आम्ही आपसात त्यांना 'भेटीची मुलं' म्हणत असू. गणवेश धड, पायात मोजे, तोंडाला पावडर, आणि विचारलं तर न अडखळता बोलणारी. साहेब यायच्या आधी मुख्याध्यापक स्वतः आठही पडद्यांवर घर, सूर्य आणि नारळाचं झाड काढून ठेवायचे. मुलांनी फक्त माऊस धरून झाडाला थोडा हिरवा रंग द्यायचा. साहेब "वा, छान!" म्हणून चहाला निघायचे. या आठांत वाडीवरचं एकही मूल नव्हतं. ती निवड मी केली होती.

आता उरलेल्या वर्गाला शिकवायचं काय? त्यावर मी तोड काढली. टॉवरांखाली रोज नव्या फ्रीजचे, टीव्हीचे खोके पडलेले असत. मुलांना म्हटलं, आणा. पुस्तकातलं चित्र बघून पुठ्ठ्यावर काळ्या स्केचपेनने घरं आखून घेतली, घरांत अक्षरं. प्रत्येकाचा स्वतःचा कीबोर्ड. तालुक्याच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका पैशाचा खर्च न करता संगणक शिक्षण, म्हणून माझा फोटोसुद्धा ग्रुपवर फिरला. मी तो अजून ठेवला आहे.

माझी पद्धत अशी होती. मी अक्षर सांगायची आणि म्हणायची, "दाबा!" सगळ्या वर्गाची बोटं पुठ्ठ्यावर. मग मी रांगांतून फिरायची, प्रत्येकाचं बोट बरोबर घरावर आहे का, आणि ठरवून दिलेलं तेच बोट आहे का, ते बघत. पूर्ण फेरा होईपर्यंत कुणी बोट उचलायचं नाही. फळ्यापाशी परत येऊन मी "उचला!" म्हटलं की उचलायचं. ज्याचं मधेच उचललं गेलं त्याच्या बोटाच्या पेरावर फूटपट्टी, तीसुद्धा धारेने. दोन आठवड्यांत असा वर्ग बसला की दाबा म्हटल्यावर बाहेरच्या ट्रकचा आवाजही नीट ऐकू यायचा. मला तो शांतपणा फार आवडायचा.

त्या वर्गात ती होती. पाचवीत, पण वयाने एका वर्षाने मोठी, कारण एक वर्ष भट्टीवर गेलं होतं. वाडीवरून चालत यायची, पावलं घोट्यापर्यंत मातीने भरलेली. तिच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास असायचा. मी तिला दाराजवळ बसवलं होतं आणि का बसवलं ते सगळ्या वर्गासमोर सांगितलंही होतं. ती तिथे बसली. वाईट वाटल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, त्यामुळे मला आणखीच राग आला.

पण पुठ्ठ्यावर तिच्यासारखं कुणी नव्हतं. महिन्याभरात ती न बघता बोटं टाकू लागली. मी अक्षर पूर्ण उच्चारायच्या आत तिचं बोट घरावर गेलेलं असायचं, आणि मग ते तिथून हलायचं नाही. नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबून धरायची. मी मुद्दाम तिच्यापाशी उशिरा जायची, मुद्दाम फळ्यापाशी रेंगाळायची. तिचं बोट कधीच उचललं गेलं नाही. सव्वीस वर्षांत माझं इतकं ऐकणारं मूल मला मिळालं नव्हतं.

एकदा मी तिला उभं करून विचारलं, "एवढं शिकून करणार काय गं तू? विटांवर टाइप करणार?" वर्ग हसला. तीही हसली. मला वाटतं तिला तो विनोद खरोखर आवडला होता, कारण मधल्या सुट्टीत ती शेजारणीला तोच सांगत होती.

त्या वर्षी एक नवी गोष्ट निघाली. कामासाठी गाव सोडणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी पनवेलमध्ये निवासी शाळा सुरू होणार होती, दुसऱ्या सत्रापासून. राहणं, जेवण, गणवेश, सगळं तिथेच. जागा थोड्या, म्हणून आधी लेखी परीक्षा आणि मग संगणकाचं प्रात्यक्षिक. विषय सक्तीचा झाला होता ना, मग त्याची परीक्षा नको? मी वाडीवरच्या तिघींचे अर्ज भरले, कारण भरावेच लागले. दोघी लेखीतच नापास झाल्या. ती पास झाली, आणि चांगली वर आली.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. विटा थापून त्याच्या हाताची कातडी गव्याच्या पाठीसारखी झाली होती.

"बाई, ही पास झाली मंतात. खरं हाय का?"

"अर्धी झाली. अजून संगणक आहे."

"तो झाला तर पोर इथंच राहील ना?"

"राहील. होस्टेलात."

"आन् नाय झाला तर?"

"तर काय, दुसरी कुणी घेतील."

 तो म्हणाला, "आमी भाऊबीज झाली का भिवंडीकडं भट्टीवर जातो. मागं कोनी नाय तिला सांबालाला. तिकडं नेली का ती बी थापायला बसते. मंग शाला संपलीच, बाई. मोठ्या पोरीची तशीच संपली." एवढं बोलून त्याने मुलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि स्वतःच्या मांडीवर एका बोटाने काहीतरी दाबत होती.

परीक्षेला आठ दिवस होते. माझ्या मनात काय होतं तेही सांगते. ती निवडली जावी असं मला वाटत होतं, आणि ते तिच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. वाडीवरची मुलगी, पुठ्ठ्यावर शिकली आणि निवासी शाळेत गेली. एवढ्यावर आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव तयारच झाला असता. मुख्याध्यापकांनी तर त्याचं मुखपृष्ठ कसं असावं ते बोलायलाही सुरुवात केली होती.

त्याच आठवड्यात साहेबांची भेट ठरली. आदल्या दुपारी मुख्याध्यापक पंचायत समितीत गेले आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले. अभ्रे झटकून ठेवायचे होते. शाळा सुटली होती. मी खोली उघडली, पंखा लावला, झटकायला घेतलं. बघते तर ती दारात. चप्पल नव्हतीच, त्यामुळे काढायचा प्रश्न नव्हता.

"बाई, एकदा खऱ्यावर बोट लावू?"

मी तिच्याकडे बघितलं. खोलीत आठ संगणक, एक मी आणि एक ती. कुणी बघणारं नव्हतं, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, "आधी पाय बघ आपले."

तिने पाय बघितले. मग वळून पळत नळावर गेली. मला खिडकीतून दिसत होतं. एका पायाने दुसरा पाय चोळून, घोट्यावरची माती नखाने काढून, तिने पाय स्वच्छ धुतले. धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली. पायांखाली पाण्याची थारोळी झाली.

"ओल्या पायाने?" मी म्हटलं. "विजेची वस्तू आहे ही. मरशील, आणि आम्हाला तुरुंगात घालशील."

"सुकवून येऊ?"

"घरी जा. पुठ्ठ्यावर येतं ना? मग खऱ्यावरही येतं. काही फरक नसतो."

ती गेली. तिला बोट लावू न देण्यामागे माझं कारण काय होतं, ते मी नंतर पुष्कळदा शोधलं. मातीचं म्हणावं तर पाय धुतलेले होते. विजेचं म्हणावं तर मीच अनवाणी, ओला फडका घेऊन तिथे उभी होते. खरं कारण एवढंच होतं की नाही म्हणायची सवय होती, आणि नाही म्हणताना बरं वाटायचं. ज्यांना आयुष्यात इतर कुठेच नाही म्हणता येत नाही त्यांना सरकारी शाळेत वाडीवरची मुलं मिळतात.

परीक्षेच्या दिवशी मी तिला रिक्षाने पनवेलला नेलं. तिने केस तेल लावून चापून बांधले होते, आणि कुणाची तरी, दोन नंबर मोठी, निळी सँडल घातली होती. वाटेत ती पुठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. परीक्षा होती त्या हायस्कूलच्या फाटकावर मी तो काढून घेतला. "आत हे दाखवू नकोस कुणाला," मी म्हटलं. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे खऱ्या संगणकावरची प्रात्यक्षिकं भरलेली होती, तारखेसकट, माझ्या सहीने.

हायस्कूलची लॅब मोठी होती. थंड हवा, ओळीने संगणक, मुली एकेकीला एकेक खुर्ची. आम्ही सोबत आलेले शिक्षक मागच्या भिंतीला उभे होतो. परीक्षा घेणारे एक तरुण सर होते, बोलायला नरम. त्यांनी सांगितलं: आधी स्वतःचं नाव टाइप करायचं, मग समोर ठेवलेल्या कागदावरच्या पाच ओळी. दहा मिनिटं. सोबतच्या शिक्षकांनी बोलायचं नाही. आणि म्हणाले, "सुरू करा."

तिने कीबोर्डकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर गेलं. अगदी बरोबर अक्षर, अगदी बरोबर बोट. आणि तिने ते दाबून धरलं.

खऱ्या कीबोर्डवर बटण दाबून धरलं की अक्षर एकदा उमटून थांबत नाही, धावत सुटतं. हे मला माहीत होतं. भेटीच्या एका मुलाच्या हातून असं झालं होतं तेव्हा मीच त्याच्या हातावर चापट मारली होती. पण पुठ्ठ्यावर बोटं दाबून धरायला लावताना ते एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. आता तिच्या पडद्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर एका ओळीत भरलं, मग दुसऱ्या ओळीत, मग तिसऱ्या. ती पडद्याकडे बघत होती. खांदे आखडले होते. बोट तसंच.

बाजूच्या मुली टकाटका पुढे गेल्या होत्या. मागे भिंतीशी माझ्या शेजारच्या बाईंनी मान उंचावून पाहिलं आणि फिसकन हसल्या. "ही बघा. कुणाची हो ही?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची ना? काही शिकवलंत की नाही?"

मी म्हटलं, "शिकवलं हो. रोज शिकवलं. पण डोक्यात शिरायला डोकं हवं ना."

दोघीतिघी हसल्या. मीही हसले. आवाज बारीक ठेवला होता, पण लॅबमध्ये पंख्याचासुद्धा आवाज नव्हता. तिने ऐकलं हे मला तिच्या मानेवरून कळलं.

मग तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे झालेले, बोट अजून दाबलेलं, नख पांढरं. तिने मोठ्याने विचारलं, "बाई, उचलू?"

सगळी लॅब माझ्याकडे बघू लागली.

एक शब्द होता. 'उचल' म्हटलं असतं तर तिने उचललं असतं, दुसरं अक्षर दाबलं असतं, पुन्हा विचारलं असतं. कदाचित तिसऱ्या अक्षराला तिला समजलंही असतं, ती हुशार होती. सव्वीस वर्षांत मी किती परीक्षांत किती मुलांना खुणांनी, खोकून, फळ्यावर लिहून उत्तरं सांगितली आहेत. शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून आम्ही सगळेच सांगतो. त्या दिवशी मात्र मला नियम आठवला. 'उचल' म्हटलं तर सगळ्यांना कळलं असतं की ती कशावर शिकली आणि कशी शिकली. शेजारच्या बाईंना कळलं असतं, नरम बोलणाऱ्या सरांना कळलं असतं, नोंदवही मागितली गेली असती. मी पर्समधला मोबाइल काढला आणि त्यात बघू लागले.

"बाई, उचलू का?" तिने पुन्हा विचारलं.

शेवटी ते सर तिच्याजवळ गेले, हलक्या हाताने तिचं मनगट धरून बोट उचललं. पडद्यावर पानभर एकच अक्षर होतं. "घाबरू नकोस, बाळा, पुसून पुन्हा सुरू कर," ते म्हणाले आणि त्यांनी ते सगळं पुसून दिलं. पण माझ्याकडून 'उचला' आलं नव्हतं आणि तरी बोट उचललं गेलं होतं. तिने दोन्ही हात मांडीवर घेतले, मुठी वळल्या, आणि बोटांची पेरं ओढणीत लपवून बसली. दहा मिनिटं संपेपर्यंत तिने कीबोर्डला पुन्हा हात लावला नाही.

परतताना कळंबोलीच्या पुलाखाली ट्रेलरांच्या रांगेत अडकलो तेव्हा तिने विचारलं, "बाई, ते मशीन बिघडलं काय?" मी म्हटलं, "गप्प बस, डोकं दुखतंय माझं." ते खरंच दुखत होतं. तिच्यावर मला संताप आला होता; एवढं ऐकायला कुणी सांगितलं होतं तिला, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं की पोरगी ऐन वेळी बावचळली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. आपण आपल्याकडून केलं. वाडीवरच्यांचं तसंच असतं." अहवालात मी लिहिलं: विद्यार्थिनीस पुरेसा सराव देण्यात आला होता. निवासी शाळेत तिच्या जागी गेलेली मुलगी लेखीत तिच्याहून खाली होती, असं यादीत दिसलं. मी यादी घडी करून कपाटात टाकली.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिवाळीच्या सुट्टीतच मी शाळेत गेले होते, मतदार याद्यांचं काम घेऊन. शाळेसमोर एक टेंपो उभा होता. त्यात भांडी, गोधड्या, एक कोंबड्यांचा खुराडा आणि वाडीवरची चार घरं. त्यातून तिचा बाप उतरला आणि तिला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला. मला वाटलं आता हा विचारणार. मी खुर्ची मागे सरकवून ताठ बसले आणि उत्तरं जुळवू लागले.  कुणीतरी या माणसाला सगळं सांगितलं आहे असंच मला वाटलं.

तो दारात थांबला, टोपी काढून हातात घेतली.

"बाई, आमी निघालो. एक विचारायचं होतं. रागावू नका."

"बोल."

"ही मंते का हिच्या हातून तिकडं मशीन बिघडलं. एकच अक्षर उमटाय लागलं, थांबंना. तवापासून नीट जेवत नाय ही. रातची उठून बसते. तर बाई, कोनी तक्रार नाय ना केली? पोलीस वगैरे येनार नाय ना भट्टीवर?"

मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती खाली बघत होती. दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

खरं सांगायला माझं काय जाणार होतं? तो काही माझ्यावर अर्ज करणार नव्हता, त्याला लिहिताच येत नव्हतं. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मशीन धडधाकट आहे, तुझ्या पोरीने बटणाचं घर एकदाही चुकवलं नाही, चूक माझी, असं म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ मी त्याच्याकडे बघत होते. आणि मग माझ्या तोंडून निघालं ते असं:

"बिघडलं होतं खरं. मोठे साहेब चिडले होते. पण मी मधे पडले, हातापाया पडून मिटवलं. आता काही होणार नाही. जा निश्चिंत."

त्या माणसाचा चेहरा सैल झाला. तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत. मग त्याने मुलीला पुढे ढकललं. "पाया पड बाईंच्या. तुज्यासाठी किती केलं बाईंनी."

ती वाकली. उठताना तिने पहिल्यांदा वर बघितलं आणि म्हणाली, "बाई, चुकलं माजं. मी लय जोरात दाबलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.